जुनी पद्मिनी सजवताना बोनेटखाली मूळ किती जपावं, हौस किती करावी?

जुन्या गाडीचा रंग बदललाय का, हे ओळखायची गॅरेजवाल्यांची रीत सोपी आहे. ते गाडीभोवती फिरत बसत नाहीत, सरळ बोनेट उघडतात. बाहेरून गाडी झगझगीत निळी आणि आत बॅटरीच्या ट्रेखाली, एखाद्या ब्रॅकेटच्या मागे मळकट बदामी रंग दिसला, तर गाडी कारखान्यातून बदामी निघाली होती. विषय संपला. वायरींची बांधणी, बोल्टांची डोकी, पत्र्यावर ठोकलेले आकडे, कधीकाळी एखाद्या मिस्त्रीने केलेली डागडुजी, गाडीचं सगळं चरित्र त्या झाकणाखाली असतं.

म्हणूनच जुनी गाडी नव्याने उभी करताना सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे, एक क्लिपसुद्धा वेगळी नको. दुसरा म्हणतो, गाडी माझी, पैसा माझा, मला टॅपेट कव्हर लाल हवं तर लाल. सोशल मीडियावर दुसऱ्या पक्षाची चलती आहे. क्रोम केलेले पाइप, रंगीत सिलिकॉनचे होज, नाहीशी केलेली वायरिंग आणि वर एक पांढरा दिवा, असं रील लाखो लोक बघतात. पण रील तीस सेकंदांचं असतं. गाडी त्यानंतर कोकणातल्या पावसाळ्यात उभी राहणार असते आणि कधीतरी परिवहन कार्यालयाच्या आवारात जाऊन तपासणीही देणार असते.

रायगड जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. 'एमएच ०६' नंबरच्या गाड्यांचं परिवहन कार्यालय पेणला आहे. रोह्यातल्या कुणाकडे आजोबांची फियाट अंगणात झाकून ठेवलेली असेल आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर कागदपत्रांसाठी पेणची वारी ठरलेली. गाडीचे सुटे भाग शोधायला मात्र मुंबई गाठावी लागते, बहुतेकदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. गंमत म्हणजे ती गाडी जन्मलीही कुर्ल्यातच होती.

'मूळ' म्हणजे नेमकं कोणतं?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना कुर्ल्यात होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टीअरिंगशेजारी गिअरचा दांडा आणि मुंबईची काळी-पिवळी, एवढं सांगितलं की महाराष्ट्रात कुणालाही गाडी डोळ्यांसमोर येते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली.

म्हणजे थोड्याफार फरकाने हीच गाडी साडेतीन दशकांहून अधिक काळ बनत होती. या काळात बोनेटखाली सगळं एकसारखं राहिलं नाही. जुन्या गाड्यांत डायनामो, नंतरच्यांत अल्टरनेटर. वायरींवरचं आवरण बदललं, क्लिपा आणि चिकटवलेल्या पट्ट्या बदलल्या, सुटे भाग पुरवणारे कारखाने बदलले. त्यामुळे 'पद्मिनी मूळ अशी दिसते' असं एकच चित्र नाही. १९७५ च्या गाडीत १९९५ चे अस्सल कंपनीचे भाग बसवले, तर भाग अस्सल असूनही गाडी मूळ राहत नाही. मूळपणा त्या साली, त्या मॉडेलमध्ये जे होतं त्याच्याशी मोजायचा असतो.

दुसरी अडचण आपल्याकडची खास. परवाना राज्याच्या काळात गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि घेतलेली गाडी पंधरा-वीस वर्षं चालवणं हा नियम होता. भाग मिळाला नाही की मिस्त्री दुसऱ्या गाडीचा बसवायचा, नाहीतर लेथवर बनवून घ्यायचा. त्यामुळे भारतात तीस-चाळीस वर्षं चाललेल्या आणि कधीच हात न लागलेल्या गाड्या फार थोड्या. आजोबांच्या काळात बसवलेला दुसऱ्या मापाचा रेडिएटर काढून टाकायचा की तो गाडीच्या इतिहासाचा भाग मानायचा?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, याचा बराच विचार केलेला आहे. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती. तिच्याच धर्तीवर 'फिवा'ने २०१२ मध्ये इटलीतल्या तोरिनो इथे वाहनांसाठीची सनद मान्य केली. तिच्या मुळाशी असलेला विचार असा : गाडीने वापरात जगलेलं आयुष्यही जपण्याजोगं असतं, तिच्या काळात झालेले बदल तिच्या इतिहासाचा भाग असतात, आणि आज एखादा बदल करणं भागच असेल तर तो कमीत कमी असावा, शक्यतो पूर्ववत करता येईल असा असावा आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवावा.

'पूर्ववत करता येईल' हे शब्द महत्त्वाचे. हौस आणि मूळपणा यांच्यातली भांडणं निम्म्याहून जास्त या एका प्रश्नाने मिटतात. स्पॅनर घेऊन एका दुपारी जे परत पहिल्यासारखं करता येतं, तिथे मालकाने खुशाल आपली आवड चालवावी. जिथे कापणं, वेल्डिंग करणं, भोक पाडणं, घासून काढणं आलं, तिथे हात आवरावा, कारण ते परत फिरवता येत नाही.

पेणमध्ये हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. हमरापूर, जोहे भागात एकाच साच्यातून निघालेल्या गणेशमूर्ती दोन कारखान्यांत वेगळ्या दिसतात, कारण रंगकाम आणि डोळ्यांची आखणी वेगवेगळ्या हातांची असते. मूर्तीचा तोल, बैठक, सोंडेचं वळण मात्र साच्यातच ठरलेलं असतं. रंग आवडला नाही तर पुन्हा देता येतो. हात तासून बारीक केला तर मूर्ती गेली.

कायदा बोनेटखाली कुठवर पोचतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची वाट कायद्यात आहे, पण तिला ठरलेल्या अटी आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ काय? टॅपेट कव्हरचा रंग, होजचा रंग, एअर फिल्टरच्या डब्यावरचं स्टिकर यांचा नोंदणी प्रमाणपत्रात उल्लेखही नसतो. इंजिनचा नंबर, चासीचा नंबर, इंधन, इंजिनची क्षमता आणि गाडीचा रंग मात्र असतो. इथे एक गोष्ट सहज निसटते. त्या काळच्या अनेक गाड्यांत बोनेटखालचा पत्रा बॉडीच्याच रंगाचा असे. त्यामुळे 'आतून काळा मॅट करूया, इंजिन उठून दिसेल' हा निर्णय फक्त आतला राहिला तर कागदाला धक्का लागत नाही, पण गाडीच्या मूळ रंगाचा शेवटचा पुरावा पुसला जातो. आणि आतल्या रंगाच्या प्रेमात पडून बाहेरचाही रंग बदलला, तर प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते.

सगळ्यात मोठा धोका रंगाचा नाहीच. तो आहे ठोकलेल्या नंबरांचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नूतनीकरण असो की मालकी बदल, चासी नंबर पाहिला जातो, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेतला जातो. गंज काढायला सँडब्लास्टिंग केलं, वर पावडर कोटिंगचा जाड थर चढवला, की आकडे बुजतात. अतिउत्साही डेंटरने ग्राइंडर फिरवला असेल तर आकडे उरतच नाहीत. मग गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. आजोबांच्या नावावरची, घरातच उभी असलेली गाडी संशयित होऊन बसते. काम सुरू होण्याआधी नंबरांचे आणि कंपनीच्या पट्टीचे जवळून फोटो काढावेत, त्या जागेवर चिकटपट्टी लावावी आणि मिस्त्रीला तोंडी न सांगता तिथेच खडूने लिहून ठेवावं. रिव्हेट मारलेली पट्टी रंगासाठी उखडू नये. ती एकदा निघाली की तिच्या खरेपणाबद्दल प्रश्न सुरू होतात.

पन्नास वर्षांची झालेली गाडी

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, त्यानंतर फेरनोंदणीला ५,००० रुपये. अर्ज परिवहन पोर्टलवरून होतो. नव्याने नोंद झालेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

१९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. त्यामुळे कालपर्यंत निव्वळ हौसेचा असलेला प्रश्न आता कागदोपत्रीही महत्त्वाचा झाला आहे. पुढच्या काही वर्षांत पन्नाशीला पोचणाऱ्या गाडीचं मूळ इंजिन आज भंगारात घालून दुसरं बसवलं, तर हे दार आपल्याच हाताने बंद होतं.

पण व्हिंटेज नोंदणीला दुसरी बाजूही आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन रोह्याहून अलिबागला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवलेलीच बरी. मालकाला गाडी कशासाठी हवी आहे हे आधी ठरलं, की बोनेटखालचे बरेच निर्णय आपोआप ठरतात. ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे त्याची मोजपट्टी वेगळी, ज्याला भिसे खिंडीचा चढ उन्हाळ्यात इंजिन न तापता चढायचा आहे त्याची वेगळी.

स्पर्धांबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. परीक्षकांना चकाकी आवडते, हे अर्धंच खरं आहे. मोठ्या स्पर्धांत न रंगवलेल्या, जशाच्या तशा टिकलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतात. अमेरिकेतल्या कॉर्व्हेट गाड्यांच्या परीक्षणात तर कारखान्यात तपासनिसाने मारलेल्या खडूच्या खुणाही पाहिल्या जातात आणि कारखान्यात नव्हती इतकी सफाई दिसली तर तीही मूळपणाविरुद्ध मोजली जाते. कुर्ल्याच्या कारखान्यातूनही गाड्या आरशासारख्या आतून पॉलिश होऊन निघत नव्हत्या. कोपऱ्यात रंगाचा थर पातळ, कुठे ओघळ, बोल्टांवर मंद जस्ताचा मुलामा. क्रोमचे चमकदार बोल्ट दिसले की जाणकाराला लगेच कळतं, हे नंतरचं काम.

मीठ, पाऊस आणि उंदीर

पुस्तकात आणि परदेशी व्हिडिओंत न मिळणारा भाग आता येतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेणच्या एका अंगाला खाड्या, खारजमिनी आणि मिठागरं. हवेत दमटपणा आणि मीठ दोन्ही. पुण्याच्या किंवा नाशिकच्या गॅरेजमध्ये छान टिकलेली सजावट इथे दोन पावसाळ्यांत रडकुंडीला येते.

पावडर कोटिंगचंच घ्या. सुकं असताना मजबूत, दिसायला सुरेख. पण दगड लागून एक टवका उडाला की तिथून ओल आत शिरते आणि थराखाली गंज पसरत जातो. वरून सगळं छान दिसत असतं. एक दिवस बोटाने दाबलं की पापुद्रा सुटतो. त्यापेक्षा चांगला प्रायमर आणि साधा रंग बरा. तो खराब झालेला दिसतो आणि तेवढ्याच जागी पुन्हा मारता येतो. मूळपणाचा आग्रह धरणारे आणि कोकणात गाडी सांभाळणारे, दोघांचंही इथे एकमत व्हायला हरकत नाही.

स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांचंही तसंच. गंजत नाहीत म्हणून सगळीकडे तेच बसवायचा मोह होतो. पण अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचा बोल्ट आणि वर खारट ओल, हे त्रिकूट जमलं की अॅल्युमिनियमच खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आटे घेऊनच बाहेर येतो. जस्ताचा मुलामा दिलेले साधे पोलादी बोल्ट दिसायलाही मुळाजवळ जातात आणि निघतातही नीट. स्टेनलेस वापरायचेच असतील तर आट्यांना चिकट संरक्षक पेस्ट लावूनच.

बोनेटच्या आतल्या बाजूला आवाज कमी व्हावा म्हणून फोमची चादर चिकटवणं ही आणखी एक लोकप्रिय हौस. कोकणात ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते आणि बोनेटचा पत्रा आतून कुजतो. 'वायरी लपवायच्या' म्हणून त्या फेंडरच्या पोकळीत कोंबणं हेही तसलंच. ज्या घरात भाताची कणगी किंवा पेंढा गाडीच्या शेजारीच असतो, तिथे उंदीर वायरींपर्यंत पोचणारच. वायर दिसत असेल तर कुरतडलेली लगेच कळते. लपवलेली असेल तर धूर आल्यावर कळते. मूळ आराखड्यात वायरी उघड्यावर, क्लिपांत धरून नेलेल्या असायच्या, त्याला कारण होतं.

जिथे मूळ सोडणंच शहाणपणाचं

कितीही जपायचं म्हटलं तरी काही गोष्टी मूळ ठेवणं धोक्याचं असतं. त्यात सध्या पहिला नंबर पेट्रोलच्या पाइपांचा. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. पद्मिनीच्या काळातले रबरी होज, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या गॅस्केटा अशा इंधनासाठी बनलेल्याच नव्हत्या. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर तडे जातात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी वेगळं होण्याची आणि धातूचे भाग आतून खराब होण्याची शक्यता वाढते. तापलेल्या एक्झॉस्टशेजारून जाणाऱ्या पाइपातून पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथे 'पण मूळ होज कापडी वेष्टनाचा होता' हा युक्तिवाद बाजूला ठेवावा, इथेनॉल चालणारा नवा होज घालावा आणि फारच वाटलं तर त्यावर कापडी नळी चढवावी. दिसायला जुनं, आतून नवं.

शिसंयुक्त पेट्रोल देशभरात २००० सालच्या सुरुवातीला बंद झालं. त्याआधीच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका मऊ धातूच्या असतील तर त्या शिशाशिवाय लवकर झिजतात. हेड उघडलेलंच असेल तर कडक धातूच्या बैठका बसवून घेणं हा शहाणपणाचा खर्च आहे. हा बदल परत फिरवता येत नाही, हे खरं. पण तो बाहेरून दिसत नाही आणि इंजिन वाचवतो. वर सांगितलेल्या नियमाला असे एक-दोन अपवाद करावेच लागतात.

डेल्कोमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं हा त्याहून सोपा व्यवहार. छोटा संच डेल्कोच्या झाकणाखाली मावतो. पॉइंट आणि कंडेन्सर डबीत ठेवून दिले की हवं तेव्हा परत. हेडलाइटसाठी रिले आणि जादा फ्यूज घालणंही योग्यच, कारण जुन्या स्विचमधून सगळा करंट नेण्यापेक्षा ते सुरक्षित असतं. रिले नजरेआड, मूळ फ्यूज बॉक्स जागेवर, आणि नवी वायरिंग जुन्या वायरीत तोड न करता वेगळी नेलेली, एवढं पाळलं की झालं. डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवताना मात्र बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते आधी पाहावं. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. तिथे घाईने अल्टरनेटर जोडला तर आतले डायोड जळतात आणि मिस्त्री 'माल डुप्लिकेट होता' म्हणून मोकळा होतो.

थंडपणासाठी वीजेवर चालणारा पंखा लावायचा तर तो रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या आरपार घालून बांधू नये. त्या घासून रेडिएटर गळायला लागतो. मूळ बोल्टांवर बसणारी छोटी पट्टी कुठलाही फॅब्रिकेटर बनवून देतो. पंखा काढला की पट्टीही निघते आणि मागे एक भोकसुद्धा राहत नाही.

मग हौस करायची कुठे?

भरपूर जागा आहे. टॅपेट कव्हर चार-सहा बोल्टांनी बसलेलं असतं. भंगारातून दुसरं मिळवावं, त्याला हवा तो रंग द्यावा, मूळ कव्हर जसंच्या तसं जपून ठेवावं. एअर फिल्टरचा डबा, बॅटरीची पट्टी, प्लगच्या वायरींचा रंग, पाण्याच्या बाटलीचा धारक, रेडिएटरची टोपी, ऑइल भरायचं झाकण, हे सगळं मालकाच्या मर्जीचं. होजांच्या क्लिपा जुन्या धाटणीच्या आणल्या तरी चित्र पालटतं, आणि ही हौस तर मूळपणाकडेच नेणारी. रंग निवडताना एक साधी युक्ती अशी की तो गाडीतच शोधावा. सीटच्या कापडातला मरून, डॅशबोर्डवरचा हस्तिदंती, बॉडीचा स्वतःचा रंग. गाडीत आधीपासून असलेला रंग बोनेटखाली परत आला की तो उपरा वाटत नाही. फ्लोरोसंट हिरवे होज पहिल्या दिवशी छान दिसतात, तेल-धुळीने आठवड्यात शेवाळी होतात.

दोन गोष्टी मात्र हौसेच्या यादीतून वजा कराव्यात. एक म्हणजे उष्ण भागांवरचा चुकीचा रंग. ओतीव लोखंडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर साधा रंग मारला तर तो पहिल्याच फेरीत जळतो, वास आतपर्यंत येतो. उष्णता सोसणारा मंद राखाडी किंवा काळा रंग तिथे चालतो. दुसरी म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवरची 'सफाई'. वापरात नसलेली भोकं वेल्डिंग करून बुजवायची, भिंत गुळगुळीत करायची, हे परदेशी व्हिडिओंतलं आवडतं काम. पण ती भोकं वर्ष आणि मॉडेल सांगत असतात. झाकायचीच असतील तर रबरी बूच पुरतं.

रंग देण्याआधी मूळ छटा शोधायची तर सूर्यप्रकाश आणि तेल पोचलं नाही तिथे पाहावं : बॅटरी ट्रेच्या खाली, हॉर्नच्या ब्रॅकेटमागे, बोनेटच्या रबरी पट्टीखाली. तेवढ्या तळहाताएवढ्या भागावर नवा रंग न मारता वर पारदर्शक थर देऊन ठेवला, तर पुढच्या माणसाला अंदाज करत बसावं लागत नाही.

डिझेल झालेल्या गाड्या

सगळ्यात अवघड प्रकरण याच गाड्यांचं. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती त्या काळात असंख्य अॅम्बेसेडर, जीप आणि फियाटमध्ये डिझेल इंजिनं बसली. लग्नाची वऱ्हाडं, मासळीच्या टोपल्या, शाळेची मुलं, सगळं त्यांनीच वाहिलं. आता नातू म्हणतो, मूळ पेट्रोल इंजिन शोधून बसवू. कागदावर डिझेलची रीतसर नोंद असेल आणि गाडी तीस वर्षं तशीच चालली असेल, तर ती त्या घरासाठी डिझेलचीच गाडी आहे. 'फिवा'च्या विचारानेही काळाच्या ओघात झालेला बदल हा इतिहासच. व्हिंटेज नोंदणीला अशी गाडी अडेल, हा तोटा मान्य करावा लागतो. पण दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन, वेगळ्या नंबराचं, आणून बसवल्याने गाडी मूळ होत नाही. तिच्यात आणखी एक बदल होतो, एवढंच, आणि त्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात परवानगीने करावीच लागते. मूळ नंबरचं इंजिन घराच्या मागच्या पडवीत अजून पडलेलं असेल तर गोष्ट निराळी. आणि अशी इंजिनं कोकणात खरोखर पडवीत सापडतात, कारण घरातलं काहीही टाकायचं नाही ही आजीची शिस्त.

ती शिस्त गाडीचं काम करतानाही उपयोगाची. काढलेला प्रत्येक मूळ भाग, फुटका असला तरी, पिशवीत घालून त्यावर जागा आणि तारीख लिहावी. लोखंडी भागाला ग्रीस किंवा घट्ट तेल लावून मेणकागदात गुंडाळावं. गोणपाटात बांधू नये, ते ओल धरतं. डबा जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा माळ्यावर ठेवावा. गाडी विकायची वेळ आली तर हा डबा आणि कामाआधीचे फोटो गाडीबरोबरच द्यावेत. जाणकार गिऱ्हाईक आधी डबा उघडून बघतं, मग बोनेट.

एक हौस अशी आहे की तिला कुणीच हरकत घेत नाही : दसऱ्याची पूजा. झेंडूची माळ, हळदकुंकू, बोनेट उघडून इंजिनवर काढलेलं स्वस्तिक. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पत्र्यावर अशा स्वस्तिकांचे फिकट डाग आजही दिसतात आणि ते घासून काढायला मन धजत नाही. नव्या रंगावर हळद डाग धरते, तेव्हा स्वस्तिक बॅटरीच्या पट्टीवर किंवा एअर फिल्टरच्या डब्यावर काढावं. नारळ चाकापुढे जमिनीवर फोडावा. पाणी डेल्कोच्या झाकणात गेलं तर सोनं वाटायला निघालेली गाडी मुहूर्तावरच धक्का मारून चालू करावी लागते.